बाईंची राखाडी फरशी

बाईंच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची: ज्यांना रंग कळत नाहीत अशी, आणि आपल्याला रंग कळत नाहीत हेसुद्धा ज्यांना कळत नाही अशी. या दोन्हींच्या बाहेर उभ्या असलेल्या एकट्या त्या.

हा ताठा काही उगाच आलेला नव्हता. एकतीस वर्षं बाईंनी रिळं, गुंड्या आणि अस्तराचं दुकान चालवलं होतं. दुकान कसलं, तीन माणसं आत शिरली तर चौथ्याने पायरीवर थांबायचं. पण छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर रिळांच्या रांगा. गिऱ्हाइकाने कापडाचा तुकडा पुढे केला की बाई तो चिमटीत धरून एकदा बघत, पाठ वळवत आणि नेमकं रीळ काढून समोर ठेवत. नुसत्या हिरव्याच्या त्यांच्याकडे बेचाळीस तऱ्हा होत्या. शिंपी म्हणत, बाईंनी दिलेलं रीळ उजेडात नेऊन बघायचं नसतं, सुईत ओवायचं असतं. रिळाबरोबर दोन शब्दही फुकट मिळत. "हा मोतिया म्हणून दिला तुम्हाला? देणाऱ्याने मोती कधी बघितलाच नसेल, स्वतःचे दात बघितले असतील." गिऱ्हाईक हसे, कारण टोमणा दुसऱ्या दुकानदाराला असे. स्वतःला बसला की हसू जरा उशिराने येई.

शेवटची दोन वर्षं मात्र रिळं परत यायला लागली. काळं मागितलं तर गडद निळं दिलंत म्हणे. पांढरं मागितलं तर पांढरं नाही म्हणे. बाईंनी एकालाही रीळ बदलून दिलं नाही. "रीळ ठीक आहे. डोळे बदलून आणा," एवढंच सांगितलं. गिऱ्हाइकं डोळे बदलून आणायला गेली ती परत आलीच नाहीत. तेव्हा बाईंनी जाहीर केलं की लोकांची नजरच मेली आहे, आंधळ्यांच्या गावात आरसे कुणी विकावेत, आणि दुकानाला कुलूप लावलं.

झालं. बाहेरच्यांचं सुटलं आणि घरच्यांचं सुरू झालं.

घरी यजमान होते. ते नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झालेले. संसारात त्यांनी तीनच शब्द कमावले होते: हो, बरं आणि बघू. त्यातला 'बघू' ते फार धीर एकवटल्याशिवाय वापरत नसत. मुलगा लांब एका धरणाच्या कामावर होता, महिन्यातून चार दिवस घरी येई. आणि सून. ती दवाखान्यात नावं नोंदवायच्या खिडकीवर बसे, दुपारी घरी येई आणि मग संध्याकाळपर्यंत बाईंच्या नजरेच्या टप्प्यात असे.

तर एके दिवशी बाईंना दिसलं की बाथरूम पिवळं पडलं आहे.

बाथरूम साधंच होतं. डोक्याच्या वरपर्यंत पांढऱ्या टाइल्स, त्यावर रंगवलेली भिंत, खाली जुनी ठिपक्यांची फरशी. एका कोपऱ्यात तोटी, दुसऱ्या कोपऱ्यात बादल्या, बेसिनवर आरसा. बाईंनी टाइलवर बोट फिरवलं, बोट नाकाशी आणून बघितलं आणि सुनेला हाक मारली.

"हे काय आहे?"

"काय, आई?"

"पिवळं. सायीसारखं. माणसं राहतात इथे, म्हशी नाही धुवायच्या."

सुनेने टाइलकडे बघितलं, मग बाईंकडे. "पांढऱ्याच आहेत की."

"मला रंग शिकव आता तू," बाई म्हणाल्या.

सुनेने घासलं. साबणाने घासलं, सोड्याने घासलं, शेवटी तोंडाला फडकं बांधून अ‍ॅसिडने घासलं. बाई दारात उभं राहून बघत आणि म्हणत, "अजून पिवळंच. घासताना हातात जीव लागतो, तुझा त्या फोनमध्ये अडकलेला." दर रविवारी हा सोहळा चाले. सुनेच्या बोटांची सालं निघाली. दवाखान्याच्या खिडकीतून चिठ्ठी देताना ती बोटं मुडपून धरायला शिकली. दोन वर्षं अशी गेली आणि टाइल्स काही बाईंच्या मनासारख्या पांढऱ्या झाल्या नाहीत. तेव्हा बाईंनी निकाल दिला: टाइल्स आयुष्यातून उठल्या आहेत आणि सून कामातून. सून बदलता येत नाही, तेव्हा बाथरूम बदलायचं.

मुलाला फोन लावला. पैसे तोच देणार होता आणि फार काही देता येणार नव्हतं. "आई म्हणेल तसं करा," तो म्हणाला. धरणं बांधणारा माणूस. पण आईपुढे त्याचा बांध पहिल्याच थेंबाला फुटे.

यजमान म्हणाले, "बरं."

मिस्त्री आला. पन्नाशीचा, अंगाने वाळका, बोलण्याआधी भिंत ठोकून बघणारा. त्याने सांगितलं, एवढ्या पैशात तोडफोड होणार नाही. भिंतीच्या टाइल्स आहेत तशा ठेवू, त्यांच्यावर टाइल्सचा रंग मारू. खाली जुन्या फरशीवरच नवी चिकटवू, दार खालून बोटभर कापू. "तुम्ही फक्त फरशी आणि रंग निवडून द्या. पण टाइल्स चांगल्या आहेत बरं का. नुसता वरचा हात दिला तरी..."

"चांगल्या?" बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "तुम्ही सिमेंटचं बघा. रंगाचं मी बघते."

मिस्त्रीने सुनेकडे बघितलं. सुनेने नळाकडे बघितलं.

फरशीच्या दुकानात बाई, सून आणि यजमान असे तिघे गेले. दुकान लांबलचक होतं, दोन्ही भिंतींना फरश्या टेकवून ठेवलेल्या, प्रत्येकीखाली नावाची पट्टी. बाई पट्ट्या मोठ्याने वाचत पुढे सरकल्या. "'पहाटस्वप्न'. पहाटे पडलेली स्वप्नं खरी होतात म्हणे, ही न होवो. 'वाळवंटी शांतता'. शांतता पायाखाली घालायची? आणि हे काय, 'राजहंस'? या हंसाला आधी धुवून आणा."

"काकू, तो शुभ्र पांढरा आहे," दुकानदार म्हणाला. तो गुटगुटीत, हसरा, हात सारखे एकमेकांवर चोळणारा माणूस होता.

"शुभ्र? तुमच्याकडे दूध कोण घालतं? त्याला बदला."

दुकानदार हसला. त्याला अशी गिऱ्हाइकं नवी नव्हती. त्याचा अनुभव असा की जे जास्त बोलतात त्यांना शेवटी काहीतरी घ्यावंच लागतं. त्याने एकामागून एक फरश्या दाखवल्या. तपकिरी बाईंना मातकट वाटली, हिरवी शेवाळलेली, निळी मळकी. सून एका फिकट करड्या फरशीपाशी थांबली. खरखरीत, पाय न घसरणारी, खिशाला परवडणारी. "आई, ही बघा ना."

बाईंनी लांबूनच बघितली. "हिला पित्त झालंय."

मग त्या अगदी मागे गेल्या, जिथे उजेड कमी आणि धूळ जास्त होती. तिथे एका खोक्यावर एक फरशी पालथी पडली होती. बाईंनी ती सरळ केली, हातभर लांब धरली, मान तिरकी केली आणि दुकानात शिरल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला.

"याला म्हणतात रंग. राखाडी. शांत, मुरलेला, किंचित तपकिरी झाक. असला खानदानी राखाडी हल्ली कुठे मिळतो?"

दुकानदार जवळ आला. त्याने फरशी बघितली आणि त्याचे चोळणारे हात थांबले. ती फरशी जांभळी होती. साधी जांभळी नव्हे. शाईची बाटली सांडावी, त्यावर कुणीतरी झगझगीत दिवा लावावा, तशी जांभळी. कुठल्याशा नाचगाण्याच्या हॉटेलने मागवली होती, हॉटेलच बुडालं, आणि चार वर्षं ती पेट्यांमध्ये जागा अडवून बसली होती. फुकट देतो म्हटलं तरी लोक हात जोडत.

"काकू," तो जरा दम घेऊन म्हणाला, "तुमची नजर! एवढ्या मालातून नेमकी हीच. आणि हिच्यावर मोठी सूटही आहे."

"आई," सून म्हणाली, "ही जांभळी आहे."

दुकानात आणखी दोन कुटुंबं होती. एक कामगार शिडीवर होता. बाई सावकाश वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुझ्या माहेरी राखाडीला जांभळा म्हणत असतील. तुझ्या आईने निवडलेले पडदे बघितलेत मी. त्या घरात रंग ओळखायचा नसतो, सोसायचा असतो."

शिडीवरचा कामगार हसला. सुनेचे कान लाल झाले. तिने यजमानांकडे बघितलं. यजमान फरशीकडे बघत होते. त्यांनाही ती जांभळीच दिसत होती, पण चाळीस वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती, की बाईंना जे दिसतं ते घरात सगळ्यांना दिसणं तब्येतीला बरं असतं. शिवाय त्यांना प्रामाणिकपणे वाटलं, हिला जांभळा आवडत असेल आणि नाव मात्र राखाडीचं घ्यायचं असेल.

"हो," ते म्हणाले.

दुकानदाराने पेट्या इतक्या चपळाईने गाडीत चढवल्या की पावती फाडायलाही तो विसरत होता.

रंगाच्या दुकानात आणखी मजा झाली. तिथे यंत्रातून हवा तसा रंग मिसळून देत. बाईंनी पांढरा मागितला. रंगवाल्याने डबा उघडला. बाईंनी नाक मुरडलं. "पांढरा मागितला मी. ही बासुंदी आहे."

"बाई, याच्याहून पांढरं काही नसतं."

"असतं. कपड्यांना नीळ देतात तशी द्या थोडी. टाका निळा."

त्याने एक थेंब टाकला, ढवळलं, पुठ्ठ्यावर ओढून दाखवलं. "अजून." दुसरा टाकला. "अजून." रंगवाला तिसऱ्यांदा थांबला आणि त्याने सुनेकडे बघितलं. सून शेजारच्या फळीवरचे ब्रश मोजत होती. फरशीच्या दुकानातून निघाल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. आठव्या-नवव्या थेंबाला बाई म्हणाल्या, "हां. आता झाला पांढरा. शिका जरा, तुमच्याच धंद्यातलं आहे." डब्यात आभाळ उतरलं होतं.

काम सहा दिवस चाललं. पहिल्या दिवशी मिस्त्रीने पेटी फोडली, फरशी हातात घेतली आणि ओट्याशी उभ्या असलेल्या सुनेला हळूच विचारलं, "वहिनी, हीच ना? पेट्या बदलल्या नाहीत ना?"

"हीच."

"आणि भिंतीला हा निळा?"

"आई त्याला पांढरा म्हणतात," सून म्हणाली. "तुम्हीही म्हणा." आणि ती कधी नव्हे ती गालात हसली. मिस्त्रीला ते हसू काही फार चांगल्या मनाचं वाटलं नाही. पण त्याला मजुरीशी मतलब. त्याने उतार धरला, फरशी बसवली, सांधे भरले, टाइल्सवर आणि वरच्या भिंतीवर निळ्याचे दोन हात मारले. आरसा भिंतीला स्क्रूने बसवलेला होता, तो न काढता त्याने कडेकडेने ब्रश फिरवला.

सातव्या दिवशी बाथरूम उघडलं. यजमान पहिल्यांदा आत गेले आणि नेहमीपेक्षा लवकर बाहेर आले. अंगावरचं पाणीही नीट पुसलेलं नव्हतं.

"कसं वाटतं?" बाईंनी विचारलं.

"आत... जाग येते," यजमान म्हणाले. त्यांच्या हिशोबाने हे फार मोठं भाषण होतं.

बाई खूश होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या बाथरूम दाखवत. "एवढ्याशा पैशात, बघा. राखाडी आणि पांढरा. आमच्या सुनेच्या हाती दिलं असतं तर पित्त झालं असतं." लोक आत डोकावत, डोळे मिटत-उघडत, आणि म्हणत, "वेगळंच आहे हो." सगळ्यांना बाईंचं तोंड माहीत होतं, म्हणून खरं कुणीच बोललं नाही. ज्याच्या जिभेला धार, त्याच्या कानाला कुलूप. बाईंनी इतकी वर्षं टोमणे वाटले, त्या बदल्यात लोकांनी त्यांना गप्प राहून फसवलं.

दोनेक महिन्यांनी बाईंना वाचताना अक्षरं पुसट दिसायला लागली. त्यांनी नवा चष्मा केला आणि तो आला त्याच दिवशी परत घेऊन गेल्या.

"काचा धुवून देत नाही का तुम्ही?" त्यांनी चष्मेवाल्याला विचारलं. "पिवळ्या आहेत. मिणमिणत्या दिव्यात बसल्यासारखं वाटतं."

चष्मेवाल्याने काचा पुसल्या, उजेडात धरल्या, पांढऱ्या कागदावर ठेवल्या. मग त्याने बाईंना खुर्चीत बसवून डोळ्यात बत्ती टाकली. "बाई, काचा स्वच्छ आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आजच जा."

डॉक्टर तरुण मुलगी होती. बाईंना तिचं वय बघूनच तिच्यावर विश्वास नव्हता. तिने बराच वेळ यंत्रातून बघितलं आणि म्हणाली, "आजी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चांगला पिकलाय, पार तपकिरी झालाय. पाच-सहा वर्षं तरी वाढत असणार. रंगांमध्ये काही फरक जाणवला नाही?"

"रंग?" बाई हसल्या. "मुली, रंगांत माझं आयुष्य गेलं. मला नाही फरक पडत. लोकांना पडतो."

"निळा, जांभळा, पांढरा यांत गोंधळ होतो. पांढरं पिवळट दिसतं. निळं, जांभळं करडं वाटायला लागतं."

"म्हणजे काविळीच्या माणसाला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तसं?"

"तसंच म्हणा. आणि ज्याला होतं त्याला कळत नाही, कारण ते हळूहळू होतं."

यजमान शेजारी बसले होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि रुमाल परत ठेवला. सून मागे भिंतीला टेकून उभी होती. ती खाली बघायला लागली. बाई मात्र घरी येईपर्यंत डॉक्टर किती लहान आहे याच विषयावर बोलत राहिल्या. जरा जास्तच बोलल्या.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली आणि बाईंनी दवाखान्याच्या खिडकीबाहेर बघितलं. आभाळ होतं. नुसतं आभाळ, पण कुणीतरी रात्रीतून धुवून टांगल्यासारखं. यजमानांचा सदरा, जो त्यांनी इतकी वर्षं मळखाऊ म्हणून सहन केला होता, तो स्वच्छ आकाशी होता. डॉक्टरणीचा अंगरखा असा पांढरा होता की डोळ्याला टोचला. गाडीत बसल्यावर बाई दुकानांच्या पाट्या, भाज्यांच्या गाड्या, शाळेच्या मुलींच्या फिती बघत होत्या, आणि त्यांचे हात मांडीवर असे हलत होते जसे मागे न बघता रीळ शोधायला हलायचे.

घरी येऊन त्यांनी हातपाय धुवायला बाथरूमचं दार उघडलं.

त्या उंबऱ्यातच थांबल्या. पायाखाली जांभळं पेटलं होतं. भिंती निळ्या, जमीन जांभळी, मधे लाल बादली. बाईंनी उजवा डोळा हाताने झाकला. डाव्या, जुन्या डोळ्याने बघितलं: राखाडी, शांत, मुरलेला, किंचित तपकिरी झाक. भिंत पांढरी. हात डाव्या डोळ्यावर नेला: जत्रेतला तंबू. पुन्हा उजवा झाकला. पुन्हा डावा. कितीतरी वेळ त्या तिथे उभं राहून एकाच खोलीतल्या दोन खोल्या बघत होत्या.

मग तोल सावरायला त्यांनी बेसिन धरलं. आरशात कुणीतरी म्हातारी होती, तिच्या सुरकुत्याही आज नव्याने कोरल्या होत्या. आरसा जरा तिरका वाटला म्हणून बाईंनी तो हलवला आणि कडेला, आरशामागे, एक पट्टी चमकली. त्यांनी यजमानांना हाक मारली. "अहो, पेचकस आणा."

यजमानांनी आरसा खाली घेतला. मागे मिस्त्रीचा ब्रश पोहोचलाच नव्हता. तिथे जुन्या टाइल्स होत्या. पांढऱ्या. ना सायीसारख्या, ना पित्त झालेल्या. डॉक्टरणीच्या अंगरख्यासारख्या, डोळ्यात भरणाऱ्या पांढऱ्या.

बाईंनी त्यावर बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं नाही.

सून दुपारी घरी आली तेव्हा बाई बाथरूमच्या बाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"त्या टाइल्स पांढऱ्या होत्या," बाई म्हणाल्या.

"हो."

"तू सांगितलं नाहीस."

सुनेने पिशवी खाली ठेवली. "दोन वर्षं तेच सांगत होते, आई."

"आणि फरशी?"

"एकदा सांगितलं. दुकानात, सगळ्यांसमोर." तिचा आवाज चढला नाही, पण ती थांबलीही नाही. "त्यानंतर नाही सांगितलं. रंग मिसळतानाही नाही. मिस्त्रींनी विचारलं तेव्हाही नाही. म्हटलं, होऊ दे. लोकांना दाखवू दे. मला हसू यायचं तुम्ही पाहुण्यांना आत न्यायचात तेव्हा. आता तुम्ही मला काय बोलायचं ते बोला."

यजमान दोघींच्या मधे पेचकस घेऊन उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. हो, बरं, बघू, यातलं एकही इथे बसेना, म्हणून मिटलं.

बाईंची जीभ आयुष्यात पहिल्यांदा रिकामी बसली होती. त्यांना परत आलेली रिळं आठवत होती. काळं मागून निळं नेलेला शिंपी, ज्याला त्यांनी चार माणसांत विचारलं होतं की सुई तरी दिसते का. तो म्हातारा माणूस होता आणि हिरमुसून गेला होता. एकतीस वर्षांतली शेवटची दोन वर्षं बाईंनी आंधळ्यासारखा धंदा केला होता आणि डोळसांना हाकलून दिलं होतं. नजर मेली होती खरी. कुणाची, एवढंच त्यांनी चुकवलं होतं.

"हात दाखव," शेवटी त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"दाखव म्हटलं ना."

सुनेने हात पुढे केले. बाईंनी नव्या डोळ्याने एकेक बोट बघितलं. अ‍ॅसिडने पडलेल्या चिरा, पांढुरके डाग, नखांच्या कडा. मग तिचे हात तिला परत दिल्यासारखे सोडले आणि उठून आत गेल्या. माफी मागितली नाही. ते त्यांना येतच नव्हतं. तो कपडा त्यांनी कधी अंगाला लावूनही बघितला नव्हता.

दुसऱ्या डोळ्याचीही शस्त्रक्रिया झाली. वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरणीने बजावलं होतं. ते सगळे आठवडे बाईंनी बोटांवर मोजले. मुदत संपली त्या सकाळी त्यांनी मिस्त्रीला बोलावलं. "टाइल्सवरचा हा निळा निघतो का?"

"निघतो, पण जीव जातो. गरम हवा द्यायची आणि पात्याने खरवडायचं. मजुरी मात्र रंगवण्यापेक्षा जास्त होईल."

"मजुरी कोण मागतंय? पातं द्या."

आणि बाई स्टूल टाकून बाथरूममध्ये बसल्या. सुनेने पुढे होऊन पातं घ्यायला हात केला, तर त्या खेकसल्या, "हात नको लावूस. तू घासलंस तेवढं या घराला सात जन्म पुरेल." मग एवढ्या मायेने आपण बोललो याचा त्यांनाच राग आला आणि त्यांनी जोडलं, "आणि उभी राहून उजेड अडवू नकोस." दिवसाला सहा-सात टाइल्स निघत. खांदा दुखे, निळे तुकडे केसांत अडकत. खरवडता खरवडता त्या स्वतःशी बोलत आणि त्यांची जीभ आता ज्या बाईला सोलून काढत होती ती बाई त्यांच्याखेरीज कुणी नव्हती. "दर्दी म्हणे. बेचाळीस हिरवे ओळखते म्हणे. पायाखालचा जांभळा दिसेना आणि निघाली रंगवाल्याला शिकवायला." यजमान बाहेर पेपर घेऊन बसत आणि ऐकत. एकदा तर ते आतल्या आत हसलेसुद्धा.

तीन आठवड्यांत भिंत पांढरी झाली. वरच्या भागाला रंग हवा होता, तो आणायला बाई आणि सून दोघी गेल्या. रंगवाल्याने बाईंना ओळखलं आणि तो निळ्या नळीकडे हात नेऊन उभाच राहिला.

"नको," बाई म्हणाल्या. आणि पुठ्ठा सुनेपुढे धरला. "तुला कसा दिसतो?"

"चांगला दिसतो. थोडा जास्तच झगझगीत आहे."

"झगझगीत? हा? तुला..." बाई थांबल्या. पुढचं वाक्य तयार होतं, धार लावलेलं. ते त्यांनी गिळलं. "बरं. मग हिला हवा तो द्या," त्या रंगवाल्याला म्हणाल्या आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

फरशीचं मात्र काही करता आलं नाही. ती काढायची तर खालची जुनीही फुटणार, पाइप निघणार, आणि मुलाने सांगितलं की पुढच्या वर्षीपर्यंत तरी जमायचं नाही. तेव्हा जांभळी फरशी राहिली. पांढऱ्या भिंतींमुळे ती आता आणखीच उठून दिसे.

पुढच्या महिन्यात यजमानांची धाकटी बहीण चार दिवस राहायला आली. या वन्संना दुसऱ्याच्या घरात दोष शोधायचा छंद होता. बाईंचं आणि त्यांचं त्यामुळेच कधी जमलं नव्हतं. बॅग ठेवून त्या हातपाय धुवायला गेल्या आणि आतूनच ओरडल्या, "अगंबाई! हे काय गं वहिनी? पायाखाली वांगी पिकवलीयत की काय?" बाहेर आल्या त्या पदराने हसू पुसत. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वन्संनी तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या. "सूनबाईंची निवड वाटतं! हल्लीच्या मुलींना नाही तरी भडक..."

यजमानांनी पेपर वर केला.

"माझी निवड आहे," बाई म्हणाल्या.

"तुझी? तुझा तर रंगात हात कुणी धरू शकत नाही!"

"मला मोतीबिंदू झाला होता. ही जांभळी आहे असं हिने मला दुकानातच सांगितलं होतं, आणि मी हिला चारचौघांत गप्प केलं. खरं काय ते आता तुम्हाला कळलं, तर जाताना चार ठिकाणी सांगा, वन्सं. नाही तरी सांगालच."

वन्संचं हसू जागच्या जागी राहिलं. "अगं, मी आपली गमतीने..." त्या पुटपुटल्या.

"गंमतच आहे," बाई म्हणाल्या. "जा, चूळ भरून घ्या नीट. आणि बघून पाय टाका, ओली झाली की घसरते ती. नुसती दिसायलाच वाईट नाही, गुणानेही वाईट आहे."

सून स्वयंपाकघरात वळली. ती हसत होती की रडत होती ते बाईंनी बघितलं नाही, पण थोड्या वेळाने तिने चहाचे चार पेले आणले, त्यातला पहिला बाईंच्या हातात दिला, आणि बाईंनी एक घोट घेऊन म्हटलं, "साखर कमी आहे." सुनेने चमचा आणून दिला. "आज डबीत एवढीच होती," ती म्हणाली. "घ्या, ढवळा. तळाशी बसली असेल."